‘दसरा काढणे’ : घराच्या वार्षिक स्वच्छतेचा एक पाठ

भाद्रपद महिना सरत आला, की बार्शी शहरात आणि तालुक्यातील खेड्यापाड्यांत एक वाक्य घरोघरी ऐकू येऊ लागते : “यंदा दसरा काढायचा राहिलाय.” दसऱ्याचा सण त्या वेळी अद्याप दोन-तीन आठवडे दूर असतो. सोलापूर, धाराशिव, बीड, लातूर या भागांत ‘दसरा काढणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ सण साजरा करणे असा होत नाही. आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरात घट बसण्यापूर्वी घरातील प्रत्येक गोधडी-वाकळ धुणे, प्रत्येक भांडे घासणे, भिंतींची जळमटे काढणे, जमीन सारवणे आणि वर्षभर न हललेली वस्तू एकदा तरी जागची हलविणे, असा त्याचा अर्थ आहे. तुळजापूरच्या भवानीचे नवरात्र ज्या प्रदेशात घरोघरी पाळले जाते, त्या प्रदेशाने आपल्या वार्षिक गृहस्वच्छतेला याच सणाचे नाव द्यावे, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

या प्रथेकडे केवळ धार्मिक शुचितेची एक रीत म्हणून पाहिले जाते. परंतु थोडा विचार केल्यास असे दिसून येते, की ‘दसरा काढणे’ ही घराची वर्षातून एकदा होणारी संपूर्ण तपासणी आहे. छताला गेलेला तडा, कणगीखालचे उंदराचे बीळ, कल्हई उडालेले पातेले, वाळवी लागलेली कागदपत्रे आणि तुंबलेली मोरी या गोष्टी एरवी दृष्टीस पडत नाहीत. त्या या आठवड्यात दिसतात. म्हणूनच हे काम कसे केले जाते, त्यात कोणते धोके आहेत आणि शाळा व ग्रामपंचायत यांना त्यात काय करता येईल, याचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

ऋतूचा हिशेब

वार्षिक गृहस्वच्छतेची प्रथा जगात अनेक ठिकाणी आढळते. इराणात नवरोजपूर्वी, म्हणजे वसंतसंपाताच्या आधी, ‘खाने-तकानी’ होते. या शब्दाचा अर्थच घर झटकून काढणे असा आहे. ज्यू कुटुंबांत वल्हांडणाच्या सणापूर्वी घरातील आंबवलेल्या अन्नाचा कण न् कण शोधून बाहेर काढतात. जपानमध्ये डिसेंबरअखेर ‘ओसोजी’ म्हणजे मोठी सफाई केली जाते. युरोपातील थंड देशांत हिवाळाभर खिडक्या बंद ठेवून कोळसा व लाकूड जाळले जात असे. त्यामुळे तेथील गृहिणी वसंत ऋतू येताच काजळी धुण्यास लागत.

बार्शीकडे मात्र मोठी सफाई वसंतात होत नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण आहे. फाल्गुन-चैत्रात विहिरींचे पाणी खाली गेलेले असते आणि रब्बी ज्वारीची काढणी-मळणी चालू असल्याने घरातील सर्व हात शेतात गुंतलेले असतात. भाद्रपदाच्या अखेरीस परिस्थिती याच्या उलट असते. ओढ्यांना व विहिरींना पाणी आलेले असते. चार महिन्यांच्या दमटपणामुळे अंथरुणांना कुबट वास येत असतो. आश्विनाचे कडक ऊन तोंडावर असते. मूग-उडीद घरात येऊ लागलेले असतात आणि सोयाबीन व तूर यांच्यासाठी जागा करावयाची असते. रब्बीच्या पेरणीची धांदल अद्याप सुरू झालेली नसते. पाणी, ऊन आणि सवड या तीन गोष्टी वर्षात एकत्र मिळतात त्या याच पंधरवड्यात. पूर्वजांनी सफाईचा मुहूर्त पंचांगात शोधला असे वरवर दिसत असले, तरी त्यामागे पाण्याचा व पिकांचा हिशेब आहे.

फाल्गुनात, पाडव्याच्या आधी, एक छोटी सफाई होते. ती बहुतांशी कोरडी असते. जळमटे काढणे, उन्हाळ्यासाठी माठ व रांजण घासून ठेवणे आणि नव्या ज्वारीसाठी कणग्या लिंपणे एवढ्यावर ती आटोपते.

कामाचा क्रम

अनुभवी गृहिणी हे काम ठरावीक क्रमाने करतात. या क्रमात चार साधे नियम सामावलेले आहेत. पहिला नियम वरून खाली येण्याचा : आधी छत व माळा, मग भिंती, शेवटी जमीन. दुसरा नियम कोरडे आधी व ओले नंतर. धूळ झाडण्यापूर्वी पाणी वापरले तर धुळीचा चिखल होतो व काम दुप्पट वाढते. तिसरा नियम रिकामे केल्यावाचून न झाडण्याचा. सामान जागेवर ठेवून भोवताली फिरविलेला झाडू पाहुण्यांना दाखविण्यापुरताच उपयोगी पडतो. चौथा नियम आतून बाहेर जाण्याचा : माजघरापासून आरंभ करून सोप्यातून अंगणात यावे.

यास पाचव्या नियमाची जोड द्यावयास हवी. धूळ झाडताना नाक व तोंड कापडाने झाकावे आणि दम्याचा विकार असलेल्या व्यक्तीस व तान्ह्या मुलास त्या वेळी घराबाहेर बसवावे. जुन्या घरातील धुळीत बुरशी, झुरळांची विष्ठा व अतिसूक्ष्म कोळी यांचे अंश असतात आणि ते श्वासावाटे आत गेल्यास दम्याचा झटका येऊ शकतो.

माळवद व माळा

बार्शी व त्याच्या पूर्वेकडील मुलखात जुनी घरे माळवदाची असतात. जाड दगड-मातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, कडीपाट आणि वर मातीचा थर, अशी त्यांची रचना असते. उन्हाळ्यात अशी घरे थंड राहतात. परंतु त्यांची निगा राखणे हे दरवर्षीचे काम आहे. माळवदावर गवत व रोपटी उगवतात, त्यांची मुळे खोल जातात व त्या वाटेने पाणी झिरपते. पावसाळा संपताच ही रोपटी मुळासकट उपटून काढावी लागतात आणि पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात.

येथे एक गंभीर बाब लक्षात घेणे अवश्य आहे. गळती थांबविण्यासाठी जुन्या थरावर दरवर्षी नवी माती टाकण्याची सवय अनेक गावांत होती. वर्षानुवर्षे असे थर साचून छपराचे वजन अतोनात वाढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा झोपेत असलेली हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी पुष्कळांचा बळी दगड-मातीच्या जाड भिंतींनी व मातीच्या जड छपरांनी घेतला. त्या आपत्तीने शिकविलेला धडा दसऱ्याच्या सफाईस थेट लागू पडतो. नवी माती टाकण्यापूर्वी जुना थर उतरवून छपराचे वजन वाढणार नाही याची काळजी घ्यावयास हवी. तुळईचे टोक भिंतीत जेथे शिरते तेथे वाळवी लागली आहे काय, भिंतीचा दर्शनी थर आतल्या थरापासून सुटून पुढे फुगला आहे काय, कोपऱ्यात उभा तडा आहे काय, हे झाडू हाती असतानाच पाहून घ्यावे. तडा चुन्याने बुजवून दिसेनासा करणे म्हणजे धोक्यावर पांघरूण घालणे होय. असा तडा जाणत्या गवंड्यास वा अभियंत्यास दाखवावा.

माळ्यावरील अडगळ ही दुसरी बाब. जुने टायर, फुटके माठ, रंगाचे रिकामे डबे, नादुरुस्त कूलर या वस्तू ‘कधीतरी उपयोगी पडतील’ म्हणून ठेवल्या जातात. माळवदावर वा पत्र्यावर त्या उघड्या राहिल्या की त्यांत पावसाचे पाणी साचते व डासांची पैदास होते. दोन दसरे न वापरलेली वस्तू घरातून काढून टाकावी, असा दंडक घरापुरता घालून घेण्यास हरकत नाही.

भिंतींना चुना देताना डोळ्यांची विशेष काळजी घ्यावी. कळीचा चुना पाण्यात टाकताच उकळी फुटते व त्याचे शिंतोडे दूरवर उडतात. चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने डोळ्यात गेल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. तो विरविण्याचे काम मुलांकडून करवून घेऊ नये. चुकून डोळ्यात गेल्यास स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे सतत डोळा धुवावा व तत्काळ दवाखाना गाठावा. याच अल्कधर्मी गुणामुळे चुना दिलेल्या भिंतीवर बुरशी सहसा धरत नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

सोपा व माजघर

सोपा ही घराची बैठक आणि माजघर हे त्याचे अंतरंग. माजघरातील पेट्या, ट्रंका व कपाटे भिंतीपासून ओढून त्यांच्या मागे व खाली पाहणे, हा सफाईचा महत्त्वाचा भाग होय. वाळवीची मातकट रेघ जमिनीतून भिंतीवर चढलेली दिसल्यास केवळ रेघ पुसून भागत नाही. तिचे मूळ शोधावे लागते.

ट्रंकेतील कागदपत्रांकडे वर्षातून एकदा तरी पाहिले पाहिजे. सातबारा व फेरफाराचे उतारे, खरेदीखत, जन्माचे व जातीचे दाखले, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेची पुस्तके, विम्याचे कागद यांची यादी करून ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जमिनीपासून उंच ठेवावेत. अर्जासोबत मूळ दाखला जोडावयाच्या वेळी तो वाळवीने खाल्ल्याचे उघडकीस आल्याने होणारी कुटुंबाची धावपळ तलाठी, ग्रामसेवक व शिक्षक यांना अपरिचित नाही. मुदत संपलेली औषधेही याच वेळी बाजूला काढावीत. शेतीची कीटकनाशके घरात ठेवली असल्यास ती कुलूपबंद पेटीत, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी हलवावीत. रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांत तेल वा रॉकेल भरण्याची सवय घातक आहे.

लाकडी बाजा व पलंग उन्हात टाकून त्यांच्या सांध्यांवर उकळते पाणी ओतल्यास ढेकूण व त्यांची अंडी मरतात. जमिनीवर झोपणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. मण्यार हा विषारी साप रात्री घरात शिरतो आणि झोपलेल्या माणसास चावतो. दंश पुष्कळदा जाणवतही नाही. भिंतीच्या तळाची बिळे व उंबऱ्याखालच्या फटी सफाईच्या वेळीच सिमेंटाने बुजवाव्यात.

गोधड्यांचे धुणे

‘दसरा काढण्या’तील सर्वांत कष्टाचे काम गोधड्या, वाकळा, सतरंज्या व घोंगड्या धुण्याचे. पाण्याने भिजलेली गोधडी एका व्यक्तीस उचलवत नाही. ती भिजविणे, तुडविणे, आपटणे व दोघांनी दोन टोके धरून पिळणे, असा हा उद्योग आहे. घरात पुरेसे पाणी नसल्याने बायका गाड्यावर, टेंपोत वा डोक्यावर धुणे घेऊन ओढ्यावर, तलावावर, विहिरीवर किंवा शेततळ्यावर जातात. मुलेही बरोबर असतात. दिवसभराची शिदोरी नेली जाते आणि काठावरची झुडपे रंगीबेरंगी गोधड्यांनी झाकून जातात.

या आनंदी दृश्यास एक दुःखद बाजू आहे. घटस्थापनेपूर्वीच्या दिवसांत धुणे धुण्यास गेलेल्या स्त्रिया व मुली पाण्यात बुडाल्याच्या दुर्घटना घडत आलेल्या आहेत. त्यांचा प्रकार बहुधा सारखाच असतो. एकीचा पाय घसरतो, तिला वाचविण्यास दुसरी धावते, मग तिसरी. आणि पोहता कोणासच येत नसते. पावसाने नुकत्याच भरलेल्या तलावाचा तळ ओळखीचा राहिलेला नसतो. मुरूम उपसलेल्या खदानीत काठापासून एका पावलावर पुरुषभर खोली असते. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले शेततळे तर त्याहून धोकादायक. त्याचा उतार शेवाळाने निसरडा झालेला असतो आणि आत घसरलेल्या माणसास हाताने धरण्यासारखे काहीही सापडत नाही.

या दुर्घटना टाळता येण्यासारख्या आहेत आणि त्यासाठी फार मोठा खर्चही लागत नाही. पंधरवडा सुरू होण्यापूर्वी ग्रामपंचायतीने धुण्याची सुरक्षित जागा ठरवून द्यावी. शक्य तेथे हौद व फरशी बांधून, बोअरचे वा विहिरीचे पाणी त्यात सोडून, गोधड्या जमिनीवरच धुण्याची सोय करावी. धोक्याच्या खदानी व तळी यांवर ठळक पाट्या लावाव्यात. प्रत्येक शेततळ्याभोवती कुंपण असावे. काठावर खुंटास बांधलेला गाठी मारलेला दोर आत सोडलेला असावा आणि हवा भरलेली ट्यूब हाताशी ठेवलेली असावी. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी पाण्यात उडी न घेता साडी, दोर वा काठी त्याच्याकडे फेकावी, हे शाळेतील मुलांकडून प्रत्यक्ष करवून घेतले पाहिजे. धुण्याच्या धांदलीत साडी सर्वांत आधी हाताशी असते. तिचा उपयोग कसा करावयाचा ते ठाऊक असले, तर एक जीव वाचतो आणि त्यामागे जाणारे दोन जीवही वाचतात.

पिण्याच्या पाण्याच्या उद्भवावर साबण व सोडा वापरून धुणे धुऊ नये, हा नियम तर सर्वांनीच पाळावयास हवा. धुतलेल्या गोधड्या दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळल्यावाचून घडी घालू नये. आतून ओलसर राहिलेली गोधडी चार दिवसांत पुन्हा कुबट होते व सारे श्रम वाया जातात.

धान्याची खोली

बार्शी हे धान्य व कडधान्याच्या व्यापाराचे जुने केंद्र आहे. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेने या बाजारपेठेस मुख्य लोहमार्गाशी जोडले. अशा मुलखात घर म्हटले की त्यात धान्याची जागा आलीच. पूर्वी पेव, बळद व कणगी असत. आता पोती व पत्र्याच्या कोठ्या असतात. साधने बदलली, तरी शत्रू तेच आहेत : ओल, किडे आणि उंदीर.

कोठी पूर्ण रिकामी करून, तळाशी उरलेले जुने धान्य नव्यात न मिसळता, ती उन्हात तापवावी. सोंडे व भुंगेरे यांची अंडी या उरल्यासुरल्या दाण्यांतच असतात. पोती उलटी करून झटकावीत, उकळत्या पाण्यात बुडवून वाळवावीत. धान्य कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावरच भरावे. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे, ही जुनी परीक्षा आजही उपयोगी आहे. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून हातभर दूर रचावीत, म्हणजे ओल लागत नाही व उंदरांची ये-जा दिसते. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची पद्धत चालू ठेवण्यास हरकत नाही. मात्र वाळवणीची जागा तो घेऊ शकत नाही.

धान्याला कीड लागू नये म्हणून काही घरांत अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवल्या जातात. ही गोष्ट अत्यंत धोक्याची आहे. हवेतील ओलीने या गोळ्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू बाहेर पडतो. पोत्यांच्या खोलीत अथवा शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांचा, विशेषतः लहान मुलांचा, त्यामुळे मृत्यू होऊ शकतो. या विषावर खास असा उतारा नाही. या गोळ्यांचा वापर प्रशिक्षित व अधिकृत व्यक्तींनी हवाबंद गोदामात करावयाचा असतो. राहत्या घरात त्यांना मुळीच स्थान नाही. एखाद्या घरात पूर्वीच्या गोळ्या शिल्लक आढळल्यास त्यांना ओल लागू न देता, हात न लावता, कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याचा सल्ला घ्यावा.

उंदरांच्या बाबतीत जवळच्याच बीड जिल्ह्याचा अनुभव बोलका आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये तेथील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर लोक भीतीने घराबाहेर राहत होते, धान्य मात्र रिकाम्या घरांत होते. तेथे उंदरांची संख्या बेसुमार वाढली, हे त्या वेळी एक महत्त्वाचे कारण मानले गेले. न हलविलेले धान्य आणि न उघडलेली खोली यांतून काय उद्भवू शकते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणार नाही. मेलेले उंदीर एकाएकी दिसू लागल्यास ते उघड्या हाताने न उचलता आरोग्य केंद्रास कळवावे.

स्वयंपाकघर व देवघर

चुलीच्या धुराने छताला धरलेली काजळी झाडताना गृहिणीने एक प्रश्न स्वतःस विचारावा : छताला एवढी काजळी लागली असेल, तर फुप्फुसात किती गेली असेल? घरातील धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू ओढवले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. घरात गॅस असूनही पाणी तापविण्यास व भाकरीस चूल वापरली जात असेल, तर निदान धुराडे साफ करून घ्यावे व खिडकी मोकळी ठेवावी.

गॅसच्या शेगडीच्या सफाईपूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. रबरी नळीस चिरा गेल्या आहेत काय ते पाहून, साबणाचा फेस लावून गळतीची परीक्षा घ्यावी; काडी ओढून मात्र कधीही घेऊ नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर खोलगट जागेत ठेवू नये.

तांब्या-पितळेची भांडी चिंच व राखेने घासून लख्ख करणे, हा दसऱ्याचा जुना सोहळा आहे. घासताना भांड्याच्या आतील कल्हई पाहावी. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक, आमटी वा चिंचेचा सार ठेवल्यास तांब्याचे क्षार अन्नात उतरतात व मळमळ, उलट्या होतात. नवसागर व कथिल घेऊन फिरणारे कल्हईवाले आता दुर्मिळ झाले आहेत. कल्हई करून मिळत नसेल, तर असे भांडे पाणी तापविण्यापुरते ठेवावे.

देवघराची सफाई श्रद्धेने होतेच. त्यातील जुने निर्माल्य, फुटक्या तसबिरी व फुलांच्या माळा ओढ्यात वा विहिरीत सोडण्याऐवजी फुले व पाने परसातील खतखड्ड्यात घालावीत. भगवंताच्या बार्शीत देवाला वाहिलेले फूल तुळशीच्या मातीला मिळाले, तर त्यात कोणताही अनादर नाही.

न्हाणी, शौचालय व परस

बार्शीसारख्या टंचाईच्या भागात नळाला पाणी रोज येईल याची शाश्वती नसते. त्यामुळे पाणी साठविणे अटळ ठरते. डेंग्यूचा प्रसार करणारा डास नेमक्या याच स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या आतील भिंतीस चिकटलेली असतात आणि पाणी आटले तरी ती कित्येक महिने जिवंत राहू शकतात. म्हणून पिंप वा हौद नुसता रिकामा करून भागत नाही, आतून घासून काढावा लागतो. येथे वार्षिक सफाई पुरेशी ठरत नाही. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावाच लागतो. शीतकपाटाच्या मागील पाण्याची तबकडी व कूलरची टाकी यांचाही त्यात समावेश करावा.

शौचालय साफ करताना आम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र वापरू नयेत. त्यांच्या संयोगाने क्लोरीन वायू निर्माण होतो आणि बंद जागेत तो प्राणघातक ठरू शकतो. मैलाटाकी भरली असल्यास ती यंत्राद्वारेच उपसून घ्यावी. माणसास संरक्षक साधनांशिवाय टाकीत उतरविणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि टाकीतील वायूने गुदमरून झालेल्या मृत्यूंची मालिका पाहता तो माणुसकीविरुद्धचाही गुन्हा आहे. सांडपाण्यासाठी प्रत्येक घराने शोषखड्डा घ्यावा. नांदेड जिल्ह्यातील गावांनी घरोघरी असे खड्डे घेऊन उघडी गटारे व डास दोन्ही कमी करून दाखविले आहेत.

परसातील सरपण, गोवऱ्या व कडब्याची गंज हलविताना हात थेट आत घालू नये. आधी काठीने ढोसून पाहावे, पायात जोडे घालावेत. विंचू व साप यांचे हे आवडते आसरे आहेत. लाल विंचवाचा दंश बालकांच्या हृदयावर परिणाम करतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध गुणकारी असल्याचे सिद्ध करून असंख्य रुग्ण वाचविले. त्यांच्या कार्याचा २०२२ साली पद्मश्री देऊन गौरव झाला. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णास शासकीय रुग्णालयात न्यावे, एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

कष्टांची वाटणी

आजवर या कामाचा सारा भार स्त्रियांनी वाहिला आहे. शेतातील मजुरी वा नोकरी सांभाळून, नवरात्राच्या उपवासांच्या तोंडावर, आठवडाभर हे कष्ट त्या करतात. माळवदावर चढणे, पेट्या ओढणे, भिजलेल्या गोधड्या वाहणे, बिळे बुजविणे ही कामे पुरुषांनी आपली मानावयास हवीत. हातात झाडू घेतल्याने कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाही, हे संत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) महाराष्ट्रास स्वतःच्या आचरणाने शिकविले. गावात गेल्यावर ते दिवसा रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनातून मने झाडीत. याच सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर येथे, त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली. त्यांच्याच नावाने महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा गावकऱ्यांनी श्रमदानाने आपल्या गावांचे रूप पालटून दाखविले.

शिक्षकांना या पंधरवड्यात एक सोपा उपक्रम घेता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या घराचा खोल्यांसह आराखडा काढावा आणि प्रत्येक खोलीत आढळलेल्या एकेका दोषाची नोंद करावी : तडा, बीळ, गळती, साचलेले पाणी, उघडी वायर. त्यांपैकी किती दोष दसऱ्यापर्यंत दूर झाले, याची पडताळणी वर्गात व्हावी. भूगोल, विज्ञान व नागरिकशास्त्र यांचा हा एकत्रित पाठच ठरेल.

ग्रामपंचायतीने पंधरवड्याच्या आरंभी धुण्याच्या जागेची व्यवस्था करावी, अडगळ वाहून नेण्यासाठी एक दिवस ट्रॅक्टर फिरवावा, आशा कार्यकर्तीमार्फत घरोघरी पाणीसाठे पाहून घ्यावेत, आणि धोकादायक भिंतींच्या घरांची यादी करून ती ग्रामसभेपुढे ठेवावी. यांतील बहुतेक कामांस वेगळा निधी लागत नाही. वेळेवर केलेले नियोजन लागते.

घट बसतो तेव्हा शेतातली माती परडीत घेऊन तीत धान्य पेरतात. नऊ दिवसांत उगवलेले ते कोंब पाहून वर्षाच्या पिकाचा अंदाज बांधण्याची रीत आहे. ज्या घरात ही परडी ठेवावयाची, त्या घराची भिंत सुरक्षित असावी, पाणी शुद्ध असावे, धान्य निर्विष असावे. आणि गोधड्या धुण्यास गेलेली घरची लेक-सून संध्याकाळी सुखरूप परत आलेली असावी. एवढे साधले, म्हणजे त्या घराचा दसरा खऱ्या अर्थाने निघाला असे म्हणता येईल.